रेग्युलेटर

“स्पी...” एवढंच प्रफुल्ल सरांच्या तोंडातून निघालं आणि रत्नमालाबाईंनी पुढचा शब्द झेललाच.

“स्पीकर! रश्मी, तुह्या बाबाले आयकू नाई येऊन राहिलं. आवाज वाढव.”

रश्मीनं लॅपटॉपचा आवाज वाढवला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. डावा. दिवाळीत लकवा मारून गेला तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून होता, आणि जीभही त्याच्याच संगतीला लागली होती. डोक्यात अख्खं वाक्य तयार असायचं, तोंडातून मात्र एकेक अक्षर ढकलावं लागायचं. आणि बायको-लेकीला तेवढा दम कुठला! ‘पं’ म्हणावं तर पंख्याऐवजी पाणी यायचं, तेही काठोकाठ. त्यांची माया होती ती, कबूल. पण त्या मायेनं सरांचं बोलणंच खाऊन टाकलं होतं. “बोलणं सोडलं तर बोलणं जाईल,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरांनी ते जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

म्हणून तर रश्मीनं या सुट्टीत जुनी सीडी हुडकून काढली. किल्ल्यातल्या कोड्यांचा गेम. सानगडीत सरांचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता, तेव्हा पोरं घरी गेली की बापलेक हाच गेम खेळत बसायचे. मागून आणलेल्या सीडी ड्राइव्हमध्ये ती टाकली तर लॅपटॉपनं ओळखच दाखवली नाही. मग नुसता काळा पडदा. शेवटी रश्मीनं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम चढवला, आणि किल्ल्याचा दरवाजा करकरत उघडला. सर खुर्चीत ताठ झाले.

सकाळपासून त्यांचं डोकं असं धावलं की रश्मी बघतच राहिली. आरसे कुठं वळवायचे, घंटा कोणत्या क्रमानं वाजवायच्या, सगळं त्यांना आठवत होतं. बोलायची गरजच नव्हती. त्यांनी बोट दाखवायचं, तिनं कळ दाबायची. आणि मग आला तो पूल.

साखळी ओढली की पूल खाली यायचा. एक कळ दाबली की गेममधला वीर एक पाऊल टाकायचा. पण दुसरं पाऊल पडतं न पडतं तोच पूल वर, आणि वीर खंदकात. त्या काळीही दोघं इथंच अडले होते. “स्पीड वाढवा, स्पीड!” म्हणून ज्यांनी गावातल्या पोरांना पिदवलं, त्या सरांची बोटं या पुलापुढं हरली होती. ती हार त्यांना अजून सलत होती.

तेव्हा त्यांची नजर आपल्या बोटांवर असायची. आज बोटं चालत नव्हती, म्हणून पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहणं झालं. पुलाशेजारी एक पाणचक्की होती. ती भिंगरीसारखी गरगरत होती. कुठली पाणचक्की अशी फिरते?

“स्पी...” सरांनी पुन्हा जोर लावला.

“स्पेलिंग?” रश्मी म्हणाली. “काई टाइप करायचं हाय का, बाबा?”

“राहू दे आता,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “थकले ते. हा पूल काई पार होत नाई. बंद कर अन् जेवाले वाढ.”

रश्मीनं उसासा टाकला आणि गेम बंद करायला हात पुढे केला. सरांना असा राग आला, असा राग आला, की तो शब्दांसाठी थांबेना. काठी टेकत ते उठले, पाय ओढत भिंतीपाशी गेले आणि पंख्याचा रेग्युलेटर पाचवरून एकवर आणला.

“अवो, मे महिन्यात कायले पंखा कमी करून राहिले?” रत्नमालाबाई ओरडल्या.

सरांनी काठी उचलून मंदावत चाललेला पंखा दाखवला. मग तीच काठी पडद्यावरच्या पाणचक्कीकडे वळवली.

रश्मीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि ताडकन उभी राहिली. “स्पीड! आई, बाबा स्पीड म्हणून राहिले होते! गेम जुना, मशीन नवी. मशीन धावते म्हणून गेममधला वेळच पळून राहिला! क्लासमधल्या मशीनीबी गेमपेक्षा नव्याच होत्या, बाबा. तुमची बोटं हरलीच नोयती!”

तिनं त्या सोंगाड्या प्रोग्रामचा वेग उतरवत नेला. पाणचक्की आधी धापा टाकल्यासारखी झाली, मग शहाण्यासारखी फिरू लागली. रश्मीनं सरांना खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी डाव्या हाताच्या एका बोटानं साखळी ओढली. पूल डुलत डुलत खाली आला. एक पाऊल. दुसरं. खोलीत तिघंही घामानं निथळत होती, पण पंख्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बोट कळेवरून एकदा घसरलं. पूल तरीही थांबलेलाच होता. शेवटचं पाऊल पलीकडच्या दगडावर पडलं, किल्ल्याचं मागचं दार उघडलं आणि पडदा उन्हानं भरून गेला.

रश्मी लहानपणी किंचाळायची तशी किंचाळली. सर हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रत्नमालाबाईंनी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि पंखा वाढवायला भिंतीकडे निघाल्या.

“रे...” मागून सर म्हणाले.

“रेडिओ?” बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

रश्मीनं पटकन आईचा हात धरला. दोघी जागच्या जागी थांबल्या. पंखा कुरकुरत फिरत होता. सरांनी श्वास घेतला, ओठ जुळवले, अक्षर अडलं, सुटलं, पुन्हा अडलं. कोणी मधे पडलं नाही.

“रे...ग्यु...लेटर... राहू... दे. आता... तुमचाबी... एकवर... करा.”