बिनपायांचा नायक

अनयच्या गेममधल्या नायकाला पाय नव्हते. लांब हात टाकून फांदी नाहीतर खडक धरायचा आणि स्वतःला तिकडे ओढून घ्यायचं, एवढ्यावरच त्याला अख्खं जंगल पालथं घालायचं होतं. नोकरी सोडून वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये एकट्याने बनवलेल्या या गेमकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. त्यामुळे पुण्याच्या एका पत्रकार बाईंनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत मागितली, तेव्हा अनयने चक्क इस्त्रीचा शर्ट चढवला. खाली लुंगी होती ती होतीच.

"ही चाल सुचली कशी?" बाईंनी विचारलं.

"निसर्गाचं निरीक्षण," अनय आवाज जड करून म्हणाला. "माकडांच्या मागे रानोमाळ हिंडलोय मी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको हरिणी म्हणाली, "अनय, कापी निवतेय."

"एकच मिनिट हं," म्हणत तो निघाला. म्हणजे उठला नाही. चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने हात लांब करून कपाटाची मूठ धरली आणि स्वतःला ओढलं, मग दाराची चौकट, मग फ्रिज. हरिणीने सवयीने कॉफीचा टंबलर पुढे केला, आणि स्वारी आली तशीच धरत-ओढत परत टेबलाशी लागली. कॅमेरा चालूच होता.

रविवारी मुलाखत आली. माकडांचा त्यात उल्लेखही नव्हता, फोटो मात्र फ्रिजपाशी लोंबकळणाऱ्या अनयचा होता.

वर मथळा: 'नायकाला पाय आहेत, पण तो ते वापरत नाही.'