टाळकरी

कॅनडा सरकारने बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी बायकामुलींसाठी चौकशी आयोग नेमला, तेव्हा तिथून म्युनिकला शिकायला आलेल्या नोराने हरवलेल्या बहिणीबद्दल व्हिडिओवरून साक्ष द्यायचं ठरवलं. सोबतीला शेजारच्या स्वरूपाला बोलावलं. ती म्हणाली, "मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही गं!" "नुसतं मागे बस." "तेवढं मात्र जमेल. जन्मभर कीर्तनात टाळ घेऊन मागेच उभी राहिलेय." पडद्यावरून आयोगाच्या बाईंनी विचारलं, "बहिणीचं नाव?" नोराने मुठीतलं मण्यांचं कानातलं आवळलं, आवाज फुटेना. "आज थांबू या का?" बाई म्हणाल्या. कीर्तनकाराचा गळा दाटला, की धृपद मागच्यांनीच उचलायचं. स्वरूपा पुढे सरकली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "लोरेन!" "लोरेन," नोराने झेललं. मूठ उघडून तिने कानातलं कॅमेऱ्यासमोर धरलं. "आम्ही जोडीतलं एकेक घालायचो. दुसरं अजून तिच्याच कानात असेल."