राजाची आई

"तुझी बायको मोआबी होती की नव्हती, तेवढं बोल," हनमेल शास्त्री म्हणाला.

"होती," इद्दो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात वारली."

"मेली म्हणून सुटली. पण पोरगी आहे ना? हुकूम ऐकलास की नाही? आपल्या मुली या परक्या मोआब्यांना द्यायच्या नाहीत, त्यांच्या बायका ठेवायच्या नाहीत. त्यांच्या पोटची पोरंही नाहीत."

इद्दो पाथरवट. दोन वर्षांपूर्वी यरुशलेमात कामाला आला होता. त्याच्या घरात कोण आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आताही त्याला कुणी बस म्हटलं नाही. हनमेल अंजीर खात होता.

"एकुलती एक आहे, शास्त्रीबुवा. होग्ला गेली तर मी एकटा उरेन."

"मग दुसरी कर. या खेपेला आपल्यातली बघ."

इद्दोने कोपऱ्यातल्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपल्या पूर्वीच्या अबीएल राजाची आईही मोआबीच होती. देवळात वाचतात ते आम्ही ऐकतो. राजा चालतो, माझी पोर चालत नाही?"

हनमेलचा घास थांबला. त्याने राजांची गुंडाळी उलगडली. प्रत्येक राजाच्या नावापुढे त्याच्या आईचं नाव आणि गाव असायचं. बोट फिरवत तो अबीएलपाशी आला.

"राहिलीच की ही," तो पुटपुटला. त्याने चाकू घेतला, शब्द खरवडला, कातड्यावर फुंकर मारली आणि त्या जागी लिहिलं: यरुशलेमची.

"काल मोआबी होती, आज इथली झाली?"

"दगड फोडून डोक्यातही दगडच भरलेत का रे? याच राजाला एका शास्त्र्याने शूर केलं, दुसऱ्याने पापी. मी नुसती आई बदलली. तुझ्या नातवंडांना हेच खरं वाटेल. अर्थात, ती इथे असली तर!"

तो स्वतःच हसला.

"बुवा, दया करा."

"आज सूर्य मावळायच्या आत ती यार्देन नदीपलीकडे, मोआबाच्या वाटेला लागली पाहिजे."

"पहारेकरी अडवतील. सध्या कुठल्याच मुलीला पलीकडे सोडत नाहीत."

हनमेलने ओल्या मातीच्या गोळीवर शिक्का उमटवला आणि कुत्र्याला हाड टाकावं तशी ती त्याच्यापुढे फेकली. "हे दाखव. मोआबिणीची पोर म्हणून हाकललीय म्हणावं."

इद्दोने वाकून गोळी उचलली.

वेशीवर पहारेकऱ्याने शिक्का पाहिला, होग्लाकडे पाहून थुंकला आणि बाजूला झाला.

बाहेर अंजिराच्या झाडाखाली एक मोआबी तरुण खेचराचा लगाम धरून उभा होता. होग्ला धावतच त्याच्याकडे गेली. मग थांबली, मागे वळली.

"बाबा, त्यांना पटलं तरी कसं?"

"तुझ्या आईला मोआबी करावं लागलं, पोरी," इद्दो म्हणाला. "बेथलेहेमातल्या तिच्या सात पिढ्या आता मला शिव्या घालतील."