दोरीवरचा शर्ट

“मला नाही बाई पटली ही सिरीज,” सोसायटीच्या बागेत योगासनं आटोपल्यावर थर्मास उघडत वैजू म्हणाली. “नवरा सोडून गेला हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून कुणी रोज त्याचा शर्ट भिजवून दोरीवर वाळत घालतं का? काहीतरीच ओढूनताणून लिहितात!”

सगळ्याजणी खो खो हसल्या. कुंदाही हसली आणि तिनं चहासाठी कप पुढे केला.

स्वतःची ही गोष्ट कुंदानं आजवर एकट्या हेमांगीला सांगितली होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, रडत रडत. कॉलेजपासूनची मैत्रीण ती. काल सिरीज सुरू होताना लेखिका म्हणून तिचं नाव झळकलं, तेव्हा कुंदानं घरात एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. मग चौथ्या भागात तो शर्ट दिसला.

आज सकाळी शर्ट वाळत घालू नये, असं तिच्या मनात आलं होतं. पण तेही लोकांच्या डोळ्यांवर आलंच असतं.

हसता हसता वैजूची नजर सहज वर गेली. दुसऱ्या मजल्यावर, कुंदाच्या गॅलरीत, निळ्या चौकटीचा शर्ट निथळत होता. वैजूचं हसू मावळलं. मग एकेक करत सगळ्यांच्याच नजरा वर वळल्या.

तेवढ्यात कुंदाचा फोन वाजला. हेमांगीच होती.

“पाहिलीस ना गं? खरं सांग, कशी वाटली?”

“सगळं अगदी खरं वाटलं,” कुंदा म्हणाली. “फक्त शेवटी ती बाई माफ करून टाकते ना, तेवढं खोटं आहे.”