गिधाडांच्या मागे

मधमाश्यांनी मोतीराम मेश्रामांचा चेहरा सुजवून टाकला होता. डावा डोळा उघडत नव्हता. तरी ते उजव्या डोळ्याला दुर्बीण लावून आभाळ बघत बसले होते.

"काका, आता बस करा," शरयू म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ. सुई घ्यावी लागेल."

"दोन मिनिटं, मॅडम. तिकडे काहीतरी फिरून राहिलं."

"घार आहे ती."

"अच्छा," म्हणून त्यांनी दुर्बीण खाली केली.

शरयू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दर रविवारी दहाबारा जणांना घेऊन जबलपूरच्या बाहेर पक्षी दाखवायला जायची. मोतीरामजी दिवाळीनंतर येऊ लागले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. ग्रुपमध्ये बाकी सगळे हिंदी बोलणारे, त्यामुळे ते शरयूच्याच आसपास राहायचे.

हा छंद त्यांना झेपत नव्हता. पहिल्याच रविवारी खंदारीच्या तलावात ते गुडघाभर रुतले आणि एक बूट तिथेच राहिला. नंतर डुमनाच्या जंगलात बाभळीचा काटा तळव्यात मोडला. आणि आज भेडाघाटला मधमाश्या. मान वर करून चालायचे, पायाखाली काय आहे ते त्यांना कळायचंच नाही. बँकेतले शालिग्राम तर त्यांच्यासाठी पट्ट्या आणि मलम वेगळं बांधून आणायचे.

दोन महिने झाले तरी त्यांना हळद्या ओळखता येत नव्हता. खंड्या दाखवला तर "छान आहे" म्हणायचे आणि पुन्हा वर बघायचे. वहीत त्यांनी फक्त गिधाडं लिहिली होती. कुठे दिसली, किती होती, कोणत्या बाजूला उतरली.

शरयूला त्याचं अप्रूप वाटायचं. तिने स्वतः सहा वर्षं गिधाडांवर काम केलं होतं आणि त्याबद्दल तिला आजवर कोणी धड दोन प्रश्न विचारले नव्हते.

"सगळे रंगीत पक्ष्यांसाठी येतात," ती एकदा म्हणाली. "तुम्ही पहिलेच."

"त्यांना वास येते काय, मॅडम?"

"नाही. नजरेनंच शोधतात. एक उतरलं की मैलभरावरची बाकीची बघतात आणि येतात."

"झाडीत असलं तर?"

"दाट झाडीत नाही दिसत त्यांना."

मोतीरामजींनी ते लिहून घेतलं.

"अन् नुसती हाडं राहिली तर?"

"मग कशाला येतील?"

त्यांनी वही मिटली. त्या दिवशी ते अर्ध्यातूनच घरी गेले. शरयूला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

"इतकं लागतंय, काकू रागवत नाहीत?" तिने विचारलं.

"तीच पाठवते. पहाटे उठून डबा करते. म्हणते, जा, बघून या."

फेब्रुवारीत ते सगळे मझौलीच्या पुढे गेले. ऊन चढल्यावर माळापलीकडे गिधाडं दिसली. नऊ होती. एकेक करून खाली उतरत होती. शरयूने कॅमेरा काढेपर्यंत मोतीरामजी पळत सुटले होते.

"काका, थांबा. उडून जातील."

ते थांबले नाहीत. कोरड्या नाल्याच्या दगडांवरून त्यांचा पाय सटकला. हाड मोडल्याचा आवाज शरयूला लांबून ऐकू आला. सगळे पोचले तेव्हा ते कोपरांवर सरपटत पुढे चालले होते.

"मॅडम, तुम्ही जा. काय आहे, बघून या."

"आधी पाय बांधू द्या."

"पाय राहू द्या. मी हात जोडतो. बघून या."

शरयू गेली आणि परत आली. "नीलगाय आहे, काका."

"नक्की?"

"नक्की. मी जवळून पाहिली."

मोतीरामजींनी दगडावर डोकं टेकलं आणि ते मोठ्यानं रडू लागले. "बहुत दर्द हो रहा है इनको," शालिग्राम म्हणाले, आणि आणखी एकाला हाताशी घेऊन त्यांनी मोतीरामजींना उचललं.

जबलपूरला सदर भागातल्या एका दवाखान्यात प्लास्टर घातलं. शरयू खाटेजवळ बसून राहिली. आपण या माणसाला आधीच थांबवायला हवं होतं, असं तिला वाटत होतं. काकू आल्या की स्पष्ट सांगायचं, यापुढे त्यांना पाठवू नका.

संध्याकाळी लीलाबाई ऑटोने आल्या. बारीक चणीची बाई, चपला उलटसुलट घातलेल्या. शरयू उठली.

"काकू, घाबरू नका. हाड जुळेल."

लीलाबाईंनी प्लास्टरकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याच्या उशाशी वाकल्या.

"दीक्षाचे बाबा," त्यांनी हळूच विचारलं, "तिथं आपली पोरगी होती काय?"