वाळूची बादली

"वहिनी, जावयांची गाडी तुमच्या चार्जरला लावू का? दिवाळसणाला आलेत. संध्याकाळी त्यांना साताऱ्याला निघायचंय." दारात उभे सोसायटीचे सेक्रेटरी दिघे साखर पेरल्यासारखे बोलत होते.

हेच दिघे! उज्ज्वलाने पार्किंगमध्ये चार्जर बसवला तेव्हा 'बिल्डिंग पेटेल' म्हणत यांनीच सोसायटी डोक्यावर घेतली होती. परवानगी दिली तीही अट घालून: गाडी चार्ज होईपर्यंत मालकाने वाळूची बादली घेऊन शेजारी बसायचं. वर्षभर ती दुखरे गुडघे चोळत तिथे बसली होती. सोसायटीतली पोरं तिला 'वॉचमन काकू' म्हणायला लागली होती.

"लावा की! सणाचे पाहुणे, त्यांना नाही कसं म्हणू?"

खाली जाऊन तिने स्वतः गाडीला चार्जर जोडला. मग कोपऱ्यातलं स्टूल आणि लाल बादली ओढत आणली.

"बसा."

"अहो वहिनी, आज पाडवा..."

"आग काय सण बघून लागते? का जावईबापूंना बसवू?"

सिल्कचा झब्बा सावरत जावई खरंच स्टुलाकडे वळले. सासऱ्यांनी घाईघाईने त्यांना मागे सारलं आणि मान खाली घालून स्वतः बसले. फटाके सोडून पोरं भोवती जमली. एकाने हाक मारलीच, "वॉचमन काका!"

उज्ज्वला वर आली. चार्जर मोबाइलवरून चालायचा. तिने चष्मा लावला आणि चार्जिंगचा वेग अगदी कमीत कमी करून ठेवला.