शून्य सेकंदाचा प्रोग्रॅम

सुयोगचा प्रोग्रॅम शून्य सेकंदात चालतो, असं आमच्या अंधेरीच्या ऑफिसने क्लायंटला कळवलं. नंतर ठरलं की असं काही कळवलंच नव्हतं.

झालं असं. चार वाजता डेमो होता आणि तो नीट झाला तरच सुयोग नोकरीत कायम होणार होता. प्रोग्रॅमला किती वेळ लागतो हे मोजायला त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. सुरुवातीला घड्याळ बघ, शेवटी बघ, वजाबाकी कर. उत्तर आलं शून्य. आमच्या बॉस नलिनी मॅडमनी तीनदा चष्मा पुसला, मग क्लायंटला मेल करून टाकला.

जेवून आल्यावर टीममधल्या शॅरनने ती स्क्रिप्ट उघडली आणि किंचाळलीच.

"अरे येड्या, दोन्ही वेळा घड्याळ एकाच ब्लॉकमध्ये, एकाच कंसात बघितलंस!"

"मग?"

"मग काय? एका ब्लॉकमध्ये स्क्रिप्ट एकदाच घड्याळ बघते. परत विचारलंस तरी तीच वेळ सांगते. शून्य नाही तर काय येणार, कपाळ?"

"मग खरा वेळ किती लागतो?"

शॅरनने प्रोग्रॅम चालवून मोबाईलवर मोजला. "अकरा मिनिटं."

"वाट लागली," नलिनी मॅडम म्हणाल्या. एरवी त्या 'अडचण आहे' म्हणतात.

पावणेचारला सुयोगने क्लायंटला मेल केला: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती करण्यात येते की, डेमो सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उपस्थितांपैकी प्रत्येकाने घड्याळ फक्त एकदाच पाहावे."